स्पीकरवरचा हुंकार

हेमाच्या सासूबाईंनी घराला एक शिस्त लावून दिली होती. व्रताची कहाणी रिकाम्या घराला सांगायची नाही. कहाणीला ऐकणारं माणूस लागतं. त्या माणसानं हातात अक्षता धरायच्या, कहाणी होईस्तोवर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, आणि सांगणारी जिथे थांबेल तिथे "हूं" म्हणायचं. हुंकार आला नाही तर कहाणी पुढे सरकत नाही. सांगणारीलाही बंधन होतंच. एकदा सुरुवात केली की संपेपर्यंत दुसरं अवाक्षर काढायचं नाही. कुणी दारात आलं, दूध उतू गेलं, तरी बोलायचं ते कहाणीतच. मध्येच इकडचं तिकडचं बोललात तर त्या दिवसाचा उपास गेला म्हणून समजा.

सासूबाई होत्या तोवर त्या ऐकायच्या. त्यांच्यामागे मोठ्या जाऊबाई ऐकायच्या. त्याही गेल्या. कोपरीतल्या जुन्या चाळीच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली आणि शेजारणी दाराला आतून साखळी लावून राहू लागल्या. राहता राहिले साईनाथराव, म्हणजे हेमाचे यजमान. कोलशेतच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत जन्म गेला, त्यामुळे कानाला मशीन. सोळा सोमवार धरले त्याच्या पहिल्याच सोमवारी हेमानं त्यांना पाटावर बसवलं, तर कहाणीतला राजा देवळाची पायरी चढायच्या आत हे घोरायला लागले.

"अगं, मी आवाज करतच होतो की मधून मधून," म्हणाले.

"घोरणं म्हणजे हुंकार नव्हे हो," हेमा म्हणाली. तिचा आवाज मुळातच इतका खालचा की रागावली तरी समोरच्याला वाटावं, विचारपूस करतेय.

हे सोमवार लेकीसाठी होते. रसिकाचं सासर डोंबिवलीला. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हाती काही आलं नाही. आता तिसऱ्यांदा राहिले होते आणि पाचवा महिना सुखरूप पार पडला होता. जावई ऋतुराज कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला. घरात रसिका आणि तिची सासू रतनबाई, दोघीच.

ऐकणारं माणूस मिळेना हे रसिकानं सासूला सांगितलं असावं. लगेच रतनबाईंचा फोन. "अहो हेमाताई, मी आहे ना! फोनवर ऐकते. नेटवरून लावायचा, पैसे पडत नाहीत की काही नाही. तुम्ही तिकडे सांगा, मी इकडे अक्षता घेऊन बसते. नातवंड काय तुमचं एकटीचं आहे?"

हेमाला भरून आलं. ज्या घरात बाळ येणार त्याच घरात कहाणी ऐकली जाणार, याहून चांगलं काय?

तसा हेमाला त्या फोनचा सुरुवातीपासून विटाळ वाटायचा. माणसं तो कुठे कुठे घेऊन जातात! एकदा ऋतुराजच्या काकांनी बोलता बोलता पाणी सोडलं, तेव्हा तिला कळलं की गृहस्थ इतका वेळ कुठे बसून "आशीर्वाद, आशीर्वाद" म्हणत होते. त्या दिवशी तिनं आपला फोन ओल्या फडक्यानं तीनदा पुसला. दर सोमवारीही पुसून घ्यायची आणि देवघरापासून हातभर लांब, उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर तो ठेवायची. देवासमोर पाटावर त्याला जागा नाही.

पण कहाणी मात्र छान व्हायची. हेमा एकेक वाक्य सांगून थांबायची, पलीकडून "हूं" यायचं. बारीक, तोंड मिटून म्हटलेलं. आणि दोन हुंकारांच्या मध्ये काय ती शांतता! ना कुकरची शिट्टी, ना रस्त्यावरचा हॉर्न, ना पंख्याची करकर. जणू रतनबाई गाभाऱ्यात बसून ऐकताहेत.

"किती शांत घर करून बसतात हो," ती साईनाथरावांना म्हणायची. "नाहीतर आपलं घर. देव तरी कसा टिकतो कोण जाणे."

सातव्या महिन्यात ओटभरण झालं, आणि तिथे हेमाला पहिला खडा लागला.

त्या दिवशी ती तापानं आजारी होती, जाता आलं नाही. रतनबाई म्हणाल्या, काळजी नको, व्हिडिओवर सगळं दाखवते. हेमा आणि साईनाथराव फोन समोर धरून बसले. पडद्यावर चौकोन चौकोन. एकात ऋतुराज, एकात ते काका बनियनवर, एकात कुणी मामा दात कोरत असलेला, एकात नुसतं कुणाचं तरी नाक. मधल्या चौकोनात हिरव्या साडीतली रसिका. फुलांच्या दागिन्यांखाली चेहरा उतरलेला, पाय मात्र टम्म सुजलेले.

"हे बघा, हे बघा सगळ्यांनी," रतनबाईंचा आवाज आला, आणि त्यांच्या हातानं रसिकाचा पदर बाजूला केला. फोन पोटाशी गेला. उघड्या पोटानं सगळा पडदा भरून गेला. "आकार बघा. टोकदार आहे की नाही? मी तर सांगतेच!"

"अजून जवळ घे, अजून जवळ," दात कोरणारा मामा म्हणाला.

साईनाथराव खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. हेमानं डोळे मिटले. सात पदरांत जपायची गोष्ट, दृष्ट लागेल म्हणून जिच्याबद्दल मोठ्यानं बोलू नये ती गोष्ट, बाजारातल्या कलिंगडासारखी पुढून मागून दाखवली जात होती. आणि लेक मान खाली घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी हेमानं विषय काढला. "रतनताई, आता रसिकाला घेऊन जाते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं."

"अहो, कुठल्या जमान्यात आहात?" रतनबाई हसल्या. "माहेर म्हणजे काय, आईचं तोंड बघायला मिळावं म्हणूनच ना? ते तर रोज बघतेय ती फोनवर! माहेर आता खिशात आलं, हेमाताई. उगाच तिची ओढाताण कशाला?"

ऋतुराजही तेच बोलला. "आई, व्हिडिओ कॉल आहे ना. मी पण रोज बघतो तिला. काही प्रॉब्लेम नाही."

रसिकाला विचारावं तर त्या घरात सगळे फोन स्पीकरवर. "आमच्याकडे लपवाछपवी नाही बाई," असं रतनबाई अभिमानानं सांगायच्या. हेमानं विचारावं, "बरी आहेस ना गं?" रसिकानं म्हणावं, "हो आई, बरीय." आणि मागून रतनबाईंनी म्हणावं, "मस्त मजेत आहे, खाऊन खाऊन फुगलीय." लेकीच्या 'बरीय'मधला कोरडेपणा हेमाला दिसायचा, पण त्या स्पीकरमधून बोट घालून लेकीच्या मनाला हात लावणार कसा? ती मनातल्या मनात म्हणायची, निदान सोमवारी त्या बाई आपली कहाणी ऐकतात. अक्षता हातात धरणारं माणूस वाईट कसं असेल?

आठवा लागून थोडे दिवस झाले होते. सोमवार होता. तिन्हीसांजेला हेमानं दिवा लावला, चुरम्याची वाटी झाकून ठेवली, फोन पुसून पातेल्यावर ठेवला आणि डोंबिवलीला लावला.

"हं, हेमाताई, बसले बरं का," रतनबाईंचा गोड आवाज. "अक्षता घेतल्यात. करा सुरुवात."

हेमानं मूठ मिटली आणि सुरुवात केली. एक नगर होतं, नगराबाहेर महादेवाचं देऊळ होतं. "हूं." देवळात एक गुरव होता. "हूं." एके दिवशी तिथे राजाची राणी आली.

हुंकार आला नाही.

हेमा थांबून राहिली. नेट गेलं असेल. आणि तेवढ्यात, त्या गाभाऱ्यातल्या शांततेतून, कढईत काहीतरी पडल्याचा चर्रर्र असा आवाज आला. त्यापाठोपाठ मचमच खाण्याचा. आणि मग रतनबाईंचा मोकळा, मोठा आवाज. गोडवा काढून ठेवलेला.

"नाही गं, तू बोल, मी रिकामीच आहे. इकडे सोमवारचं रेडिओ स्टेशन लागलंय आमच्या विहीणबाईंचं. हो ना! राणी आली, राजा गेला, संपतच नाही... अक्षता? बोंबील आहे माझ्या हातात! ये खायला!"

दुसऱ्या फोनवर त्या बहिणीशी बोलत होत्या, हे हेमाच्या हळूहळू लक्षात आलं. मग त्यांनी आवाज चढवला. "रसिका, हूं म्हटलंस का? म्हण गं, नाहीतर ती बाई तिकडे थांबून राहील आणि आपली जेवणं खोळंबतील. बटण दाबायचं, हूं म्हणायचं, परत बटण दाबून आवाज बंद करायचा. किती वेळा शिकवू?"

"म्हटलं, मम्मी." हा रसिकाचा आवाज होता.

हेमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात जे दिसलं ते बघवेना. आजवरचे सगळे हुंकार लेकीचे होते. मधली ती शांतता म्हणजे देऊळ नव्हतं, तो बटण दाबून कोंबलेला आवाज होता. आज रसिकाच्या तेलकट बोटानं कुठेतरी बटण एकदा लागलंच नाही, आणि सगळं उलटं झालं. हुंकार आत अडकला आणि बाकीचं सगळं बाहेर सांडलं. पातेल्यावरच्या त्या फोनमधून गटाराचं झाकण सरकावं तसं घर वाहत येऊ लागलं.

"मम्मी, आता तुम्ही तळता का? मला वासानं उलटी होईल. पायही..."

"उभं राहिलं की डिलिव्हरी नॉर्मल होते."

"डॉक्टर म्हणाल्या, सूज आहे, झोपून राहा."

"डॉक्टरणीला काय जातंय सांगायला? माझे गुडघे कोण बघतं? आणि नाटकं करू नकोस, तिसरा घाणा टाक." मग बहिणीला, "बघितलंस? आणि हिला तिकडे पाठवायची म्हणे! एकदा गेली की सहा महिने येत नाही. कशाला पाठवू? बाळ झालं की व्हिडिओवर दाखवायचं त्या बाईला. भोळी आहे, तेवढ्यात खूश होते."

आणि मग एक आवाज आला. रसिका ओकारी दाबत होती. तोंडावर हात धरून, घशातल्या घशात. मागे कढई तडतडत होती, आणि खाणं चालूच होतं. काटा चोखून टाकल्याचा आवाजही स्वच्छ आला.

हेमाच्या अंगावर शिसारीचा काटा उभा राहिला. मासळीचं तिला वावडं नव्हतं. बुधवारी तिच्याही घरी बोंबील व्हायचे. किळस होती ती त्या तोंडाची, जे एका फोनवर अक्षता म्हणत होतं आणि दुसऱ्यावर काटे चोखत होतं. किळस त्या पातेल्यावरच्या चपट्या काळ्या वस्तूचीही, जिला तिनं इतके सोमवार पुसून पुसून देवाशेजारी बसवलं होतं. आणि थोडी स्वतःचीही. पोटच्या पोरीचा हुंकार ओळखू आला नाही, याची.

जिभेवर शब्द आले होते. पण कहाणी चालू होती. दुसरं बोललं की उपास गेला, आणि आज उपास घालवायचा तर कुणाच्या जिवावर? शिवाय ओरडली असती तर रतनबाईंनी फोन बंद केला असता आणि पुढचं सगळं त्या दाराआड, कुणाला न ऐकू येता झालं असतं.

मग हेमाला एक गोष्ट उमगली. त्या घरात तिचं सगळं बोलणं सासू ऐकायची. एक कहाणी सोडून.

तिनं मूठ घट्ट केली आणि त्याच लयीत, त्याच खालच्या आवाजात पुढे सांगायला घेतलं.

"त्या नगरात एक लेक होती. आठव्या महिन्यात सुजल्या पायांनी चुलीपुढे उभी होती. तिकडे तिची आई कहाणी सांगत होती. आईला आज सगळं ऐकू आलं. आई म्हणाली, लेकी, बटणाला हात लावू नकोस. आहे तश्शी मला हूं म्हण."

कढई तडतडत राहिली. रतनबाई बहिणीला कुणाच्या तरी साखरपुड्यातल्या साडीबद्दल सांगत होत्या. हेमा थांबली. कहाणीत थांबतात तशीच, पण कानात प्राण आणून.

"हूं."

पहिल्यांदा ते ओलं होतं. तोंड मिटलेलं नव्हतं.

"आई म्हणाली, मी निघाले. लेकीनं काय करावं? गॅस बंद करावा. खुर्ची ओढून बसावं. दवाखान्याची फाईल घ्यावी, दोन गाऊन घ्यावेत, औषधं घ्यावीत, पिशवी दारामागे ठेवावी. कुणाशी भांडू नये, कुणाला सांगू नये. आई येईतो जपून असावं."

"हूं."

"अगं बाई," रतनबाईंचा आवाज आला. "आज गाऊन आला वाटतं कहाणीत. राणी मॉडर्न झाली!" आणि फोनवरच्या बहिणीसकट दोघी खिदळल्या.

हेमानं लाल बटण दाबलं. कहाणी संपली नव्हती. अक्षता मुठीतच होत्या.

बाहेरच्या खोलीतून साईनाथरावांनी विचारलं, "झाली का गं? चुरमा दे."

हेमा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एका नगरात एक गृहस्थ होता. त्यानं पायजमा उतरवला, पँट चढवली. कानात मशीन नीट बसवलं. डोंबिवलीची गाडी बोलावली, येण्याजाण्याची."

साईनाथराव बघतच राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचे पुष्कळ उपास बघितले होते, पण स्वतः कहाणीत कधी शिरले नव्हते. मग तिच्या मिटलेल्या मुठीकडे त्यांची नजर गेली.

"हूं," ते म्हणाले, आणि पँट शोधायला उठले.

गाडीत तिनं सगळं सांगितलं, कहाणीतूनच. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा गोष्ट ओकारीपर्यंत आली होती. साईनाथरावांचा हुंकार बंद झाला. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. हुंकार ड्रायव्हरनं दिला. पन्नाशीचा माणूस, आरशातून बघत म्हणाला, "हूं. मग पुढे काय झालं, काकी?"

पुढे काय होणार ते काकींना तरी कुठे ठाऊक होतं? रतनबाईंनी सूनबाईला पाठवत नाही म्हटलं तर लेकीला हात धरून ओढून काढणार होती का ती? भांडण तर तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि आज तोंडही बांधलेलं.

दार रतनबाईंनीच उघडलं. एका हातात फोन, दुसरा हात खरकटा, ओठांवर तेलाची चकाकी.

"अय्या! हेमाताई! अहो, फोन तरी करायचा!" त्या पुढे झाल्या आणि तो खरकटा हात हेमाच्या खांद्यावर ठेवला. पदराखाली पाल शिरावी तशी हेमा आक्रसली.

"तिची कहाणी चालू आहे," साईनाथराव म्हणाले. "ती बोलणार नाही. मी बोलतो. रसिकाला न्यायला आलोय."

"कहाणी? अहो, मघाशीच तर झाली! मी ऐकली ना सगळी, हे बघा, अक्षता अजून चिकटल्यात हाताला."

त्यांनी पंजा पुढे केला. बोटांना रव्याचे तळलेले कण चिकटले होते. हेमा त्यांच्याकडे बघत राहिली. रतनबाईंनी आपल्याच बोटांकडे पाहिलं आणि हात गाऊनला पुसला.

"आणि न्यायला म्हणजे? न विचारता? असं कुठे असतं? थांबा, ऋतुराजलाच लावते. सगळ्यांनाच लावते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको."

पुन्हा ते चौकोन उमलले. ऋतुराज, बनियनमधले काका, तो मामा, बोंबलांना बोलावलेली बहीण. रतनबाईंनी फोन भाल्यासारखा समोर धरला. "बघा, बघा सगळ्यांनी! रात्रीच्या दारात येऊन उभ्या राहिल्यात. पोटुशी पोरगी ओढून न्यायला आल्यात!"

"दाखव, दाखव," मामा म्हणाला.

आतून रसिका आली. हातात पिशवी. चपलेत पाय मावेना म्हणून टाच बाहेर ठेवून चालत होती. केसांना, अंगाला तळणाचा वास. फोन गर्रकन तिच्याकडे वळला. आधी चेहऱ्यावर, मग पोटावर, मग पायांवर.

"अहो," रसिका त्या फोनकडे बघून म्हणाली. ते हाक मारणं ऋतुराजसाठी होतं. "मला बरं वाटत नाहीये. मी आईकडे जाते."

"अगं, तुझा चेहरा अर्धाच येतोय," ऋतुराज म्हणाला. "आई, नीट धर ना."

रसिका वळून आत गेली. मग काय वाटलं कोण जाणे, देवघरातून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. सवाष्ण घरातून निघताना तशी निघत नाही. एवढ्या गोंधळातही मुलगी रीत विसरली नव्हती. तिनं करंडा आईपुढे धरला. हेमानं लेकीला कुंकू लावलं. मग हळद घ्यायला अंगठा बुडवला, तोच रतनबाईंनी फोन तिच्या नाकापाशी आणला.

"बोला ना! आता का दातखीळ बसली? बोला सगळ्यांसमोर! तुमच्या पोरीचं आम्ही काय वाईट केलं?"

फोनच्या मागच्या अंगाला तो डोळा होता. लहान, काळा, पापणी नसलेला. ह्याच डोळ्यानं लेकीचा पदर बाजूला झालेला चौघांना दाखवला होता. हेमाला वाटलं, बोटानं तो टाचणीसारखा फोडावा. पण तिनं शांतपणे अंगठा पुढे केला आणि हळद त्या डोळ्यावर चोळली. कपाळाला लावतात तशी, पण भरघोस, कडेपर्यंत.

"अरे, पिवळं पिवळं दिसतंय सगळं," काका म्हणाले.

"काय झालं गं रतन? लाईट गेली का?" बहीण म्हणाली.

रसिका फोनजवळ कान देऊन उभी होती. आता तरी नवरा काहीतरी विचारेल. पाय कसे आहेत, काय होतंय, कशाला जातेस, काहीही.

"आई, कॅमेरा पूस ना," ऋतुराज म्हणाला. "काही दिसत नाहीये."

त्यापुढे काही आलं नाही. रसिकानं करंड्याचं झाकण लावलं, तो टीपॉयवर ठेवला आणि पिशवी उचलली.

"चल आई," ती म्हणाली.

रतनबाई गाऊनच्या टोकानं फोन पुसत होत्या. तेलाच्या हातानं हळद अजूनच पसरत होती. "जा, जा! पण बाळ इकडचं आहे, लक्षात ठेव! रोज व्हिडिओ लावायचा, सांगून ठेवते!" हे लिफ्टचं दार लागेपर्यंत ऐकू येत होतं.

कोपरीला पोचल्यावर हेमानं आधी मुठीतल्या अक्षता वाटीत ठेवल्या आणि हात धुतले. साबणानं, मग बेसनानं, मग परत साबणानं. अंगठ्याचा पिवळेपणा गेला नाही. खांद्यावर जिथे तो हात पडला होता तिथलं लुगडं तिला अंगावर नको झालं, बदलून टाकलं. रसिका डोकं धुऊन आली. पायाखाली उशा देऊन तिला पलंगावर टेकवून बसवलं, वाटीतल्या अर्ध्या अक्षता तिच्या हातात दिल्या आणि राणी देवळात आली होती तिथून कहाणी पुन्हा धरली.

लेकीचा हुंकार प्रत्येक वेळी वेगळा येत होता. कधी थकलेला, कधी हुंदक्यात अडकलेला, एकदा चक्क हसरा. हे इतके दिवस एकसारखंच कसं वाटलं, याचं हेमाला नवल वाटत होतं. मधल्या जागेत आता पंखा करकरत होता, खालून रिक्षांचे हॉर्न येत होते, आणि साईनाथराव स्वयंपाकघरात चुरम्याची वाटी शोधताना डबे पाडत होते.

कहाणी पुरी झाली. अक्षता पिंडीवर वाहिल्या. हेमानं चुरम्याचा पहिला घास घेतला, आणि तो घशाशीच थांबला. कानात तो काटा चोखल्याचा आवाज अजून तसाच होता. तिनं पाण्याबरोबर घास उतरवला. उपास सुटला; शिसारी सुटायला वेळ लागणार होता.

"आई, माझा फोन कुठाय?" रसिकानं विचारलं.

"बाहेर."

दोन्ही फोन तिनं दाराबाहेर चपलांच्या रॅकवर, सर्वांत खालच्या फळीवर ठेवले होते. तिथेच कुठलासा वाजायला लागला. व्हिडिओचीच ती लांबलचक किणकिण. रसिकानं दाराकडे पाहिलं, मग डोळे मिटून उशीला मान टेकली. साईनाथरावांनी कानातलं मशीन काढून ठेवलं.

फोन बराच वेळ वाजत होता. त्याला हुंकार द्यायला कुणी उठलं नाही.